ऑबर्न अव्हेन्यूवरचे घर दहा मिनिटांत उरकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे-जून आला की अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांची रीघ लागते. अटलांटात उतरणाऱ्यांचा कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो: मत्स्यालय, कोका-कोलाचे संग्रहालय, स्टोन माउंटन आणि त्यातूनही वेळ उरला तर वर्णभेदाविरुद्ध लढलेले मार्टिन ल्युथर किंग जिथे जन्मले ते घर. गाडी समोर उभी करायची, पायरीजवळ फोटो काढायचा आणि निघायचे. सहल कंपन्यांच्या पत्रिकेतही या घराला 'फोटो स्टॉप' एवढीच जागा असते. अशाने घर पाहिल्याची नोंद होते, पण घर कळत नाही. हे घर त्याच्या गल्लीसकट जपलेले आहे आणि पाहायचेही गल्लीसकटच. त्यासाठी अर्धा दिवस लागतो. तो कसा लावावा, हे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

आधी दाराचे. ५०१, ऑबर्न अव्हेन्यू हे घर अमेरिकेतली ऐतिहासिक स्थळेही सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान सेवेने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केले आणि काम दोन वर्षांचे असल्याचे जाहीर केले. सरकारी कामाच्या तारखा कुठल्याही देशात सैलच असतात. तेव्हा विमानाचे तिकीट काढताना नव्हे, तर जायच्या आदल्या रात्री उद्यान सेवेच्या संकेतस्थळावरील त्या दिवसाची सूचना वाचावी. दुसरी अडचण अंदाजपत्रकाची. अमेरिकी संसदेत निधी अडला की राष्ट्रीय उद्यानांना कुलपे लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये असेच झाले होते आणि जानेवारीतल्या किंग जयंतीच्या सुट्टीपुरते हे ठिकाण उघडायला एका विमान कंपनीच्या प्रतिष्ठानने पैसे दिले होते. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी या तीन दिवशी ते बंदच असते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, घरालाही नाही आणि बाकी कशालाही नाही.

घर बंद असले, तरी या गल्लीची फेरी वाया जात नाही. बाहेरून पाहण्यासारखे पुष्कळ आहे, त्याबद्दल पुढे.

चुकीच्या ठिकाणी पोहोचणे हा इथला नेहमीचा घोटाळा. अटलांटात किंग यांच्या नावाचा एक लांबलचक रस्ता आहे, तो शहराच्या पश्चिमेकडे जातो. 'किंग मेमोरियल' नावाचे मेट्रो स्थानक आहे, पण तिथे उतरल्यावर बरेच चालावे लागते. मत्स्यालयाजवळ २०१४ मध्ये सुरू झालेले नागरी आणि मानवी हक्कांचे संग्रहालय आहे. ते वेगळे आणि तिथे तिकीट लागते. लग्नानंतर किंग आणि कोरेटा ज्या घरात राहत, ते सनसेट अव्हेन्यूवरचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोनमध्ये नुसते 'किंग हाउस' टाकले तर यांपैकी कुठेही जाऊन पडाल. म्हणून '५०१ ऑबर्न अव्हेन्यू' असा पूर्ण पत्ता टाकावा.

आपली बरीचशी मंडळी अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या उत्तरेच्या उपनगरांत राहतात. त्यांना सोपी वाट अशी: गाडी नॉर्थ स्प्रिंग्ज स्थानकात ठेवावी, लाल मार्गाच्या मेट्रोने पीचट्री सेंटरला उतरावे आणि वर रस्त्यावर येऊन स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, पकडावी. तिचा थांबा 'किंग हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट'. मेट्रोचे भाडे अडीच डॉलर, स्ट्रीटकारचे एक डॉलर. स्ट्रीटकार एकाच दिशेने गोल फिरते, त्यामुळे जिथे उतरलात तिथूनच परतीची पकडायची. रस्ता ओलांडून समोरचा थांबा शोधत बसू नये, तो नाहीच. मधूनमधून ही सेवा दुरुस्तीसाठी थांबवतात, तेही आधी पाहून घ्यावे. गाडी थेट न्यायचीच असेल तर मागच्या जॉन वेस्ली डॉब्स अव्हेन्यूवर फुकट वाहनतळ आहे. गाडीत पर्स, लॅपटॉपची पिशवी दिसेल अशी ठेवू नका. काच फोडून पिशवी नेण्याचे प्रकार अटलांटात कमी नाहीत.

आता क्रम. बहुतेक जण आधी घराकडे धावतात. आमच्या मते घर शेवटी घ्यावे. सुरुवात पाहुणे केंद्रापासून करावी. १९९६ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने ते बांधले गेले. इथे चित्रफीत आणि प्रदर्शन मिळून पाऊण तास द्या. प्रदर्शनात एक साधी लाकडी गाडी आहे. ९ एप्रिल १९६८ रोजी खेचरांनी ओढत नेलेली किंग यांच्या अंत्ययात्रेतली ती गाडी. लोक तिच्यासमोरून झपाझप पुढे जातात. तिच्या फळ्यांकडे, चाकांकडे जवळून पाहा. नोबेल मिळालेल्या माणसाची शवपेटी शेतकऱ्याच्या गाडीवरून का नेली, हे त्या लाकडाकडे पाहून आपोआप कळते. बाहेर आवारात गांधीजींचा पुतळा आहे, भारताकडून आलेला, १९९८ मध्ये बसवलेला. आपले लोक तिथे हमखास थांबतात, ते सांगायला नको.

समोर जुने एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च. दोन एबेनेझर आहेत, याचा गोंधळ होतो. रविवारची प्रार्थना १९९९ पासून रस्त्यापलीकडच्या नव्या वास्तूत होते. पाहायचे ते जुन्या विटांचे, ४०७ क्रमांकाचे. त्याची डागडुजी करून ते १९६० ते ६८ च्या काळात जसे होते तसे पुन्हा लावले आहे. आत बाकावर बसायला मुभा आहे. किंग यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः अशा तीन पिढ्या इथल्या व्यासपीठावरून बोलल्या. पुढच्या ऑर्गनकडे पाहताना एवढे लक्षात असू द्या की, ३० जून १९७४ च्या रविवारी किंग यांच्या आई अल्बर्टा प्रार्थनेच्या वेळी तो वाजवत असताना त्यांना गोळ्या घालून मारले गेले. मुलाच्या हत्येला तेव्हा सहा वर्षे झाली होती.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने या चर्चचा आणखी एक संदर्भ आहे. ४ जुलै १९६५ रोजी इथल्या प्रवचनात किंग यांनी १९५९ च्या भारतभेटीतली एक गोष्ट सांगितली. त्रिवेंद्रमजवळच्या एका शाळेत, जिथे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांची मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य' अशी करून दिली. किंग आधी दचकले, थोडे दुखावलेही. मग त्यांनी आपल्या देशातल्या दोन कोटी काळ्या माणसांच्या राहणीचा विचार केला आणि मनाशी कबूल केले की, होय, मी अस्पृश्यच आहे. त्या बाकावर बसून ही गोष्ट आठवली, तर अमेरिकेतला वर्णभेद 'त्यांचा प्रश्न' उरत नाही.

बाजूलाच किंग सेंटर. निळ्या पाण्याच्या हौदात मधोमध किंग आणि कोरेटा यांची संगमरवरी समाधी आहे. इथे अर्धा तास पुरे. हौदाच्या काठावर चढून फोटो काढू नये. लोक काढतात, आणि त्यात आपलेही असतात.

पुढे ऑबर्न आणि बुलेवार्ड यांच्या नाक्यावर अग्निशमन केंद्र क्रमांक ६ आहे, १८९४ चे. 'बुलेवार्ड' हे इथे रस्त्याचेच नाव आहे, पत्ता विचारताना फसू नका. तिथून घर हाकेच्या अंतरावर.

घर आतून पाहण्याची पद्धत बंद होण्याआधी अशी होती: ऑनलाइन आरक्षण नाही, फोनवर नाही. त्याच दिवशी, स्वतः जाऊन नाव नोंदवायचे. एका फेरीत जास्तीत जास्त १५ जण, सोबत उद्यान सेवेचा रेंजर, वेळ सुमारे अर्धा तास. १५ चा आकडा काही लहर म्हणून ठरलेला नाही. घर १८९५ चे, लाकडी सांगाड्याचे, जिना अरुंद, आणि माणसे खोल्यांच्या दारांत उभी राहून आत डोकावणार. त्याहून जास्त लोकांना ते घर पेलत नाही. जानेवारी, फेब्रुवारी, उन्हाळी सुट्टी आणि शनिवार-रविवार या दिवसांत सकाळीच सगळ्या फेऱ्या भरून जात. दुपारी दोनला पोहोचून 'आता नाही' ऐकणारे कायम दिसायचे. म्हणून युक्ती अशी की, पोहोचताक्षणी आधी नाव नोंदवायचे, उशिराची फेरी मागायची आणि मधल्या वेळात चर्च, समाधी उरकायची. आत फोटो काढू देत नसत, मोठ्या पिशव्या आणि खाणेपिणेही नाही. वरचा मजला जिन्यानेच गाठावा लागतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी ते आधीच रेंजरला सांगावे.

आता घर. १९०९ मध्ये किंग यांचे आजोबा, एबेनेझरचे पाद्री ॲडम डॅनियल विल्यम्स यांनी ते ३,५०० डॉलरला घेतले. त्याआधी तिथे गोरे कुटुंब राहत होते. १९२६ मध्ये त्यांची मुलगी अल्बर्टा हिचे लग्न झाले आणि जावई याच घरात राहायला आले. आपल्याकडे घरजावयाला नाक मुरडतात. इथे त्या जावयाने पुढे सासऱ्याचे चर्चही चालवले. याच घरात तीन मुले जन्मली: १९२७ मध्ये क्रिस्टीन, १५ जानेवारी १९२९ ला मार्टिन, १९३० मध्ये आल्फ्रेड डॅनियल. मार्टिनचे नाव तेव्हा मायकेल होते. वडील १९३४ मध्ये बर्लिनच्या बॅप्टिस्ट परिषदेला जाऊन आले आणि त्यानंतर बापलेक दोघांचीही नावे बदलली.

खाली दिवाणखाना, अभ्यासिका, जेवणघर, स्वयंपाकघर. वर चार झोपायच्या खोल्या. दिवाणखान्यात पियानो आहे. आई संगीत जाणणारी, म्हणून मुलांना शिकवणी लावलेली आणि मुलांना तिचा मनस्वी कंटाळा. शिकवणाऱ्यांच्या स्टुलाचे पाय या पोरांनी सैल करून ठेवल्याचा किस्सा रेंजर सांगतात. जेवणाच्या टेबलाशी प्रत्येक मुलाने बायबलातले एक वचन म्हटल्याशिवाय घास मिळत नसे. मग धाकटे हटकून सर्वांत लहान, मूळ इंग्रजीत जेमतेम दोन शब्दांचे वचन म्हणून मोकळे होत. रोज संध्याकाळी शुभंकरोती ऐन जेवणाच्या वेळी उरकणाऱ्या घरांत वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तळघरात कोळसा असे आणि भट्टीसाठी तो आणणे हे मुलांचे काम. मुलांच्या खोलीत खेळणी जमिनीवर पसरलेली ठेवली आहेत, आवरलेली नाहीत. हे मुद्दाम केलेले आहे आणि फार चांगले केले आहे.

आतल्या सगळ्याच वस्तू मूळच्या नाहीत. काही कुटुंबाच्या, काही त्या काळातल्या शोधून आणलेल्या. कुठली कोणती, हे रेंजरला विचारावे; ते लपवत नाहीत. आई आणि बहीण क्रिस्टीन यांच्या आठवणींवरून खोल्या लावल्या गेल्या. क्रिस्टीन २०२३ च्या जूनपर्यंत हयात होत्या. 'हे टेबल इथे नव्हते, तिथे होते' असे सांगणारे माणूस घरातले असणे, हे जतन करणाऱ्यांचे मोठे भाग्य.

घर कोणत्या वर्षासारखे दिसावे, हा जतनातला सर्वांत अवघड प्रश्न. इथे त्याचे उत्तर पक्के आहे: १९२९ ते १९४१. मे १९४१ मध्ये आजी जेनी वारल्या. बारा वर्षांचा मार्टिन तेव्हा घरी न सांगता मिरवणूक पाहायला गेला होता. अपराधी भावनेने त्याने याच घराच्या वरच्या खिडकीतून खाली उडी टाकली. सुदैवाने वाचला. त्याच वर्षी कुटुंब तीन गल्ल्या पलीकडे राहायला गेले, आणि घराचे घड्याळ तिथेच थांबवले आहे. नंतर त्यात कोण राहिले, काय बदलले, ते सगळे उतरवून टाकले. खिडकी बाहेरून दिसते. घर बंद असले तरी समोरच्या पदपथावर उभे राहून वर पाहा आणि उंचीचा अंदाज घ्या.

आता पाठ फिरवा. समोर छोटी, बैठी, एकाला एक लागून जोडघरे दिसतील. त्यांना 'शॉटगन' म्हणतात. मधे बोळ नाही, खोलीमागे खोली, तिच्यामागे खोली. पुढच्या दारातून झाडलेली गोळी मागच्या दारातून बाहेर पडेल म्हणून ते नाव, असे सांगतात. १९०५ मध्ये एका कापड गिरणीने आपल्या गोऱ्या कामगारांसाठी ती बांधली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोऱ्या जमावांनी अटलांटात काळ्यांवर हल्ले केले, किमान २५ माणसे मारली. त्यानंतर या भागातून गोरी कुटुंबे हळूहळू निघून गेली आणि काळी कुटुंबे आली. विल्यम्स पाद्रींना १९०९ मध्ये हे दुमजली घर मिळाले, ते या उलथापालथीत. म्हणजे एका बाजूला पाद्रीबुवांचे ओसरीचे घर, समोर भाड्याने राहणाऱ्या मजुरांच्या तीन खोल्या. मार्टिन हा गरिबाचा पोर नव्हता, पण गरिबी त्याच्या ओसरीसमोर होती. नुसत्या घराचा फोटो काढून गेलेल्या माणसाला हे कधीच दिसत नाही.

रस्त्यापलीकडे एका गोऱ्या माणसाचे दुकान होते. त्याचा मुलगा मार्टिनचा खेळगडी. दोघे सहा वर्षांचे झाले, वेगवेगळ्या शाळांत गेले आणि त्या मुलाला घरून सांगण्यात आले की, आता याच्याशी खेळायचे नाही. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी आई-वडिलांनी मार्टिनला पहिल्यांदा वर्णभेद म्हणजे काय ते समजावले. रस्त्याची रुंदी पावलांनी मोजून पाहा, फार नाही.

आजूबाजूची घरेही उद्यान सेवेने हळूहळू घेऊन १९३० च्या दशकातल्या रूपात आणली आणि त्यांतली काही भाडेकरूंना राहायला दिली. वस्ती राहती असली की घरे टिकतात, हा हिशेब. त्यामुळे शेजारच्या ओसरीवर कपडे वाळत असतील तर ते प्रदर्शन नव्हे; त्या पायऱ्यांवर बसू नका. आणि गल्लीतला माणसांचा वावर नुसता शोभेचाही नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी एका बाईने किंग यांच्या घरावर पेट्रोल ओतले. काडी लागण्याआधी तिला रोखले ते तिथे घर पाहायला आलेल्या पर्यटकांनी आणि सुट्टीवरच्या दोन न्यूयॉर्क पोलिसांनी. लाकडी घर, रात्रीचे रिकामे असते तर काय उरले असते?

इथे परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. बाबासाहेबांचे ते बालपणीचे घर नव्हे, पण सुमारे दोन दशके ते तिथे राहिले, शाहू महाराज त्यांना भेटायला तिथे आले. स्मारकाच्या घोषणा होतात. त्या दोन खोल्या राखून भोवतीची चाळ, तिचा सज्जा, सामायिक नळ गेला, तर उरेल ते संगमरवरातले दोन चौकोन. ऑबर्न अव्हेन्यूवरून नक्कल करायचीच, तर समोरच्या शॉटगन घरांची करावी.

परतताना जमल्यास ऑबर्नवरून पश्चिमेकडे, शहराच्या मध्याकडे चालत जा. ३३४ क्रमांकाच्या मेसॉनिक इमारतीत किंग यांच्या संघटनेची कचेरी होती आणि वरच्या मजल्यावर वर्ड नावाचे रेडिओ केंद्र, अमेरिकेतले काळ्या मालकाचे पहिले. किंग यांना काही जाहीर करायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकत आणि वरून खिडकीतून मायक्रोफोन खाली सोडला जाई, असे सांगतात. त्यापुढे डोक्यावरून महामार्गाचा पूल जातो. त्या पुलानेच या रस्त्याचे दोन तुकडे केले आणि एकेकाळी श्रीमंत म्हणून नाव असलेल्या बाजारपेठेचे कंबरडे मोडले. पुलाखालचा पट्टा अंधार पडल्यावर टाळावा.

याच सहलीत शेजारच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीलाही जायचे असेल, तर ते वेगळ्या दिवशी. गाडीने अडीच तास आणि तिथले घड्याळ अटलांटापेक्षा एक तास मागे. ही गोष्ट विसरल्याने परतीचे विमान हुकू शकते. तिथे पाद्री म्हणून किंग राहत होते ते घर आहे, ज्याच्या ओसरीवर ३० जानेवारी १९५६ ला बॉम्ब टाकला गेला. आणि स्टोन माउंटनला जाणारच असाल तर त्या कड्यावर कोरलेले तिघे घोडेस्वार कोण, हे आधी वाचून जा: गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचे अध्यक्ष आणि दोन सेनापती. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात किंग यांनी या डोंगराचे नाव उगीच घेतले नव्हते. एकाच दिवशी सकाळी ऑबर्न आणि संध्याकाळी तिथला लेझर शो, हा बेत आम्हाला तरी पचत नाही.

ज्यांना अटलांटा गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी गावदेवीतले मणिभवन आहे. १९५९ मध्ये मुंबईत किंग आणि कोरेटा तिथे मुक्कामाला होते, गांधीजी जिथे झोपत त्याच जागी. ग्रँट रोड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून चालत जाता येते. खोली दुसऱ्या मजल्यावर, काचेआड आहे.

आपले,
अटलांटातील काही मराठी वाचक